घड्याळ गप्प आहे, म्हणून?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या शिवारात केळीचा घड खांद्यावर वाहणाऱ्याच्या मनगटावरही आता स्मार्टवॉच दिसतं. ते उलटं केलं की काचेखाली हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश तेवढा घटतो, आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला किंवा मनगट सारखं वाकत असलं तर हिशेब चुकतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कष्ट आणि घाम यांनी नाडी तशीही धावते, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे आजारच असं नाही. याच्या उलट चूक मात्र फार महाग पडते. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली तर ती या प्रकाशाला दिसत नाही. छातीत दाटून आलेलं असताना, डावा हात भरून आलेला असताना घड्याळ निवांत ७८ ठोके दाखवू शकतं.

काही घड्याळांत ईसीजी निघतो, पण तो हृदयाकडे एकाच बाजूने पाहतो. दवाखान्यातला बारा लीडचा ईसीजी बारा बाजूंनी पाहतो. आपल्या घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही, हे ॲपल कंपनी स्वतःच सांगते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितकं कामाचं. चोपड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. जळगाव मात्र तापी ओलांडून पन्नासेक किलोमीटरवर. म्हणून ‘डॉक्टर लांब आहेत, घड्याळ तरी असू द्या’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. अंतर जितकं जास्त, तितका स्क्रीनकडे बघत घालवलेला अर्धा तास जिवावर बेततो.

पटणारा अर्धा भागही भक्कम आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोक्यांची लय बिघडते, हृदयात गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की लकवा मारतो. ही बिघडलेली लय अनेकदा येते-जाते, त्यामुळे तपासणीच्या दिवशी ती सापडेलच असं नाही. रात्रंदिवस मनगटावर बसलेलं यंत्र तिला पकडू शकतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोक होते. अनियमित नाडीची सूचना आली ०.५२ टक्के लोकांना, पण पासष्टीपुढच्यांत हे प्रमाण तीन टक्क्यांहून जास्त होतं, तर चाळिशीच्या आतल्यांत जेमतेम ०.१६. आपल्याकडे घड्याळ असतं नातवाच्या मनगटावर, आजोबांच्या नाही! घरात एकच असेल तर ते आजोबांना बांधावं. तेही नसेल तर मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी पाहिली, तरी ठोके वेडेवाकडे पडताहेत हे कित्येकदा कळतं.

रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधणारं यंत्रच हवं. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. नाडीची सूचना मात्र उडवून लावू नये. शांत बसून पुन्हा मोजावं, तारीख-वेळ लिहावी, स्क्रीनचा फोटो घेऊन डॉक्टरांना दाखवावा आणि बारा लीडचा ईसीजी काढून घ्यावा. छातीत दुखत असेल तर फोटोतही वेळ घालवू नये, १०८ फिरवावा.