प्लेटलेटचा आकडा आणि प्लेटलेटचं काम

पाऊस ओसरला की महाराष्ट्रात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि घरोघरी एकच चौकशी सुरू होते : प्लेटलेट किती आल्या? दीड लाखाच्या खाली आकडा गेला की काळजी, पन्नास हजारांखाली गेला की धावपळ, वीस हजारांखाली गेला की रक्तपेढीत खेटे. ही भीती खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो. प्लेटलेटवरचं जवळपास दीडशे वर्षांचं संशोधन नीट पाहिलं, तर नुसत्या संख्येवरून रुग्णाचं भवितव्य ठरवता येत नाही, हेच त्यातून पुन्हा पुन्हा समोर येतं.

इटलीतल्या तुरिनमध्ये ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली जिवंत प्राण्याच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहिनीच्या भिंतीला इजा होताच रंगहीन, चपट्या कणिका वाहत्या रक्तातून निघून नेमक्या तिथेच चिकटत, एकीवर दुसरी बसे आणि रक्तस्राव रोखणारा बोळा तयार होई. या कणिका म्हणजे फुटलेल्या पेशींचा चुरा, असं तोवर अनेकांना वाटत होतं. अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशींचे तुकडे पडून त्या बनतात, हे बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये दाखवलं. प्लेटलेटला केंद्रक नसतं आणि तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, पण तेवढ्या काळात ती इजा ओळखते, आकार बदलते, रसायनं सोडते आणि शेजारणींना बोलावते. १९६२ मध्ये लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी प्लेटलेट असलेल्या गढूळ प्लाझ्मात एडीपी हे रसायन घातलं. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या, प्लाझ्मा निवळत गेला आणि त्यातून आरपार जाणारा प्रकाश वाढला. तो प्रकाश मोजून प्लेटलेटचं काम मोजता येऊ लागलं.

काम आणि संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आजारांनीही शिकवलं. एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वर्णन केलेल्या विकारात प्लेटलेट पुरेशा असतात, तरी रक्त थांबत नाही, कारण एकमेकींना धरून ठेवणारं प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावर नसतं किंवा सदोष असतं. ॲस्पिरिनचंही तसंच. ते संख्येला हात लावत नाही, फक्त एक विकर कायमचं बंद पाडतं. केंद्रकच नसल्यामुळे प्लेटलेटला ते पुन्हा पुरेसं बनवता येत नाही आणि उरलेलं आयुष्य ती तशीच काढते. हृदयविकाराच्या झटक्याच्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या १९८८ च्या चाचणीत एवढ्याशा बदलाने हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी होणारे मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने घटले.

यावर रास्त आक्षेप असा : मग ल्युकेमियाच्या रुग्णाला आकडा पाहूनच प्लेटलेट का चढवतात? कारण केमोथेरपीने तिथे कारखानाच बंद पडलेला असतो. तिथे आकडा खरोखर उपयोगी पडतो. पण तिथेही १९९७ मध्ये इटलीत झालेल्या तुलनेत वीस हजारांऐवजी दहा हजारांची मर्यादा ठेवली, तरी मोठा रक्तस्राव वाढला नाही. डेंग्यूची तऱ्हा निराळी. तिथे प्लेटलेट नष्टही होत असतात, चढवलेल्याही फार टिकत नाहीत, आणि जिवावर बेततं ते मुख्यतः रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपल्यामुळे. सिंगापूर व मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांवरची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी होत्या आणि खास रक्तस्राव होत नव्हता. प्रतिबंध म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव लक्षणीय कमी झाला नाही, उलट दुष्परिणाम जास्त दिसले.

‘पण आकडा पडताना हातावर हात ठेवून बसायचं का?’ मुळीच नाही. रक्तस्राव सुरू असेल, तर प्लेटलेट द्याव्या लागू शकतात, तो निर्णय डॉक्टरांचा. पण ताप उतरतानाच्या दिवसांत रक्ताच्या अहवालात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढतंय का, पोटात सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, लघवी कमी झाली का, हातपाय गार पडले का, याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. वेळेवर आणि बेताने दिलेलं सलाइन इथे जीव वाचवतं. प्लेटलेटची पिशवी साधारण पाच दिवसच टिकते, तीही खोलीच्या तापमानाला आणि सतत हलवत ठेवून. निव्वळ आकड्याच्या धास्तीने ती संपवली, तर त्याच आठवड्यात ल्युकेमियाच्या मुलासाठी दाता शोधत फिरणाऱ्या कुटुंबाला तीच पिशवी मिळत नाही.