शेतयंत्रांची जडणघडण – लेखांक ६ : हायड्रॉलिक लाइनमधील फेरफार

मागील लेखांकात पाहिलेल्या ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये तेलाचा दाब एकाच दिशेने काम करतो. तो अवजार वर उचलतो आणि अवजार खाली येते ते स्वतःच्या वजनाने. हायड्रॉलिक पलटी नांगराला मात्र तास संपून वळताना फाळ उलटवण्यासाठी दुहेरी क्रियेचा, म्हणजे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने दाबाचे तेल घेणारा, सिलिंडर लागतो. म्हणून अशी सोय नसलेल्या ट्रॅक्टरवर जादा व्हॉल्व्ह बसवून मूळ लाइनमध्ये फेरफार करावा लागतो.

पंपाच्या पाइपला टी जोडून फाटा काढला की काम झाले, हा समज चुकीचा आहे. बहुतेक लहान व मध्यम ट्रॅक्टरांची यंत्रणा खुल्या केंद्राची असते. म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत पंप तेल ढकलतच राहतो आणि लिव्हर मध्यस्थितीत असताना ते तेल व्हॉल्व्हमधल्या मोकळ्या वाटेने, जवळजवळ दाबाविना, टाकीत परतते. टीमुळे अशा दोन मोकळ्या वाटा तयार झाल्या, तर तेल कमी अडथळ्याच्या वाटेने निघून जाते आणि नांगरही उलटत नाही, लिफ्टही उचलत नाही.

म्हणून नवा व्हॉल्व्ह मुख्य लाइनमध्येच, दाब मर्यादेबाहेर गेल्यास तेल टाकीत सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या पुढे आणि लिफ्टच्या व्हॉल्व्हच्या आधी, बसवतात. सिलिंडरच्या दोन तोंडांखेरीज त्याला आणखी तीन तोंडे हवीत : पंपाकडून तेल घेणारे, ते दाबासह लिफ्टकडे नेणारे ‘पॉवर बियाँड’ आणि सिलिंडरचे परतीचे तेल थेट टाकीत सोडणारे. पॉवर बियाँड नसलेल्या व्हॉल्व्हचे परतीचे तोंडच लिफ्टला जोडले, तर लिफ्ट भार उचलताना येणारा दाब परतीच्या बाजूवर पडतो, सील निकामी होतात आणि प्रसंगी बॉडीला तडा जातो. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ९एनसारख्या ट्रॅक्टरांत मात्र नियंत्रण पंपाच्या शोषणबाजूवर असल्याने तेथे ही जोडणी जशीच्या तशी लागू पडत नाही.

होजची निवडही हिशेबाने करावी लागते. मिनिटाला ३० लिटर तेल १२.५ मिमी आतील व्यासाच्या होजमधून सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने जाते. व्यास ६ मिमी केला, तर हाच वेग १७ मीटरच्या वर जातो आणि शक्तीचा बराच भाग तेल तापवण्यात वाया जातो. अर्धा इंची होजवर एकच तारजाळी असेल, तर युरोपीय मानकानुसार तिची दाबक्षमता १६० बार आणि दोन असतील, तर २७५ बार असते. ट्रॅक्टरचा दाब अनेकदा १५० ते २०० बार असल्यामुळे दुहेरी जाळीचीच होज घ्यावी.

नट सैल करण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर पुढेमागे हलवावा, म्हणजे अडकलेला दाब निघून जातो. गळती पुठ्ठा धरून शोधावी, हाताने कधीही नाही. कारण सूक्ष्म छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असते.