गृहमंत्र्यांच्या बोटाचा ठसा

मार्च 2008 मध्ये जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने आपल्या नियतकालिकाच्या 4,000 प्रतींसोबत एक पातळ फिल्म वाटली. तिच्यावर ठसा होता तो देशाचे गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या बोटाचा. पासपोर्टसाठी नागरिकांचे ठसे घ्यावेत, याचे ते खंदे समर्थक. एका कार्यक्रमात ते पाणी प्यायले, त्याच पेल्यावरून हा ठसा मिळाला होता.

असा ठसा उचलण्याची कृती क्लबने काही वर्षे आधीच सांगून ठेवली होती. बाटलीच्या झाकणात सुपरग्लूचे थेंब घेऊन झाकण काचेवरच्या डागावर पालथे घालायचे. वाफेने रेषा पांढऱ्या उमटतात. त्यांचा फोटो काढून संगणकावर साफ करायचा आणि लेझर प्रिंटरने पारदर्शक शीटवर छापायचा. टोनर किंचित उंच बसतो, साचा तयार होतो. त्यावर लाकूडकामाचा गोंद पसरायचा आणि वाळला की सोलून स्वतःच्या बोटावर चढवायचा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट कुठून बदलणार? रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेणाऱ्या आपल्या माणसांनाही हा प्रश्न तितकाच लागू आहे.

क्लब सुरू झाला 12 सप्टेंबर 1981 ला, बर्लिनमध्ये, ‘ताझ’ या दैनिकाच्या कचेरीत. वाउ हॉलंड हे संस्थापकांतले एक. जर्मन टपाल खात्याची ‘बीटीएक्स’ ही ऑनलाइन सेवा सुरक्षित असल्याचा सरकारी दावा होता. 1984 मध्ये क्लबने त्या सेवेतून हॅम्बुर्गच्या बचत बँकेच्या नावावर रातोरात सुमारे 1,35,000 मार्कांचे बिल चढवले, पत्रकारांना बोलावून सगळे उघड केले आणि पैसे परत केले. मला या लोकांची हीच रीत मोलाची वाटते: जे सापडले ते चारचौघांत मांडायचे. निवेदने त्यांनीही दिली, मोर्चेही काढले, पण सरकारला उत्तर देणे भाग पाडले ते अशा प्रात्यक्षिकांनी.

ऑक्टोबर 2011 मध्ये त्यांच्या हाती एक सरकारी हेरप्रोग्राम लागला. संशयिताची इंटरनेटवरची संभाषणे ऐकण्यापुरतीच कायद्याने मुभा होती. क्लबने प्रोग्राम उलगडला, तेव्हा तो पडद्याची छायाचित्रे टिपत होता आणि दुरून नवे प्रोग्रामही त्यात घालता येत होते. शिवाय बंदोबस्त इतका कच्चा, की तिसराच कोणी त्या संगणकाचा ताबा घेऊ शकला असता. क्लबने हे विश्लेषण जसेच्या तसे प्रसिद्ध केले. काही दिवसांतच बव्हेरिया या जर्मन राज्याच्या गृहमंत्र्यांना मान्य करावे लागले, की हा प्रोग्राम आपले पोलीस 2009 पासून वापरत आहेत.