खात्रीचा मेकॅनिक कसा ओळखावा?

सकाळी स्कूटर सेल्फवर चालू होत नाही. ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत न्यावी, तर मेकॅनिक एकदा बटण दाबतो, आतून नुसतं टकटक ऐकू येतं आणि निकाल लागतो: 'बॅटरी गेली, नवी टाकावी लागेल.' नवी बॅटरी बसते, गाडी चालू होते. दोन महिन्यांनी पुन्हा तीच रड. कारण बिघाड बॅटरीत नव्हताच. तिला चार्ज करणारं आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, बंद पडलं होतं.

हे ओळखायला एक मल्टिमीटर आणि पाच मिनिटं पुरतात. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी चालू करून थोडी रेस दिली की आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास चढायला हवा. तो बारावरच रेंगाळला तर चार्जिंग होत नाहीये. पंधराच्या वर गेला तर जास्त चार्ज होऊन नवी बॅटरीही लवकरच संपणार. जो मेकॅनिक मीटर लावून हे आकडे तुम्हाला दाखवतो आणि मगच बॅटरीचं नाव काढतो, त्याचा नंबर जपून ठेवावा. मेकॅनिकची पारख त्याच्या निदानावरून होते, असं माझं ठाम मत आहे. बाकीच्या ज्या खुणांवर आपण विसंबतो, त्यातल्या बऱ्याच फसव्या आहेत.

'नुसतं बघायचे कसले पैसे?' हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा समज. डॉक्टरने तपासून 'काही झालेलं नाही' म्हटलं तरी आपण फी देतो. मेकॅनिकने मात्र तासभर वायरिंग शोधून एक सैल झालेला कपलर दाबून बसवला, तर त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवताना आपण कुरकुरतो. मग त्याची कमाई होणार कशातून? पार्ट बदलण्यातून आणि त्यावरच्या मार्जिनमधून. निदान फुकट मागितलं की पार्ट बदलायचा मोह आपणच तयार करतो. म्हणून नव्या गॅरेजात पहिल्यांदा जाताना आधीच सांगावं: 'तपासायचे काय होतील ते घ्या, पण काय बिघडलंय आणि ते कशावरून, हे सांगा. काम करायचं की नाही ते मग ठरवू.' प्रामाणिक माणसाला हे ऐकून बरंच वाटतं. जो तपासायच्या आधीच 'इंजिन उतरवावं लागेल' म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

स्कॅनरबद्दलही असाच एक भ्रम आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, बहुतेक दुचाक्यांमधला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि 'आता कॉम्प्युटरच सांगतो काय बिघडलं ते' हे वाक्य रूढ झालं. कॉम्प्युटर तसं सांगत नाही. तो सांगतो की अमुक मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं. उदाहरणार्थ, पी ०१७१ या कोडचा अर्थ इतकाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. त्याचं कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ असेल, नाहीतर दमलेला पेट्रोल पंप असेल. पाइप काही रुपयांत येतो, पंपाला हजारो लागतात. कोड वाचून थेट पार्ट मागवणारा आणि कोड वाचल्यावर बॉनेटखाली डोकं घालून पाइप चाचपणारा, यांच्यातला फरक तुमच्या खिशाला लगेच कळतो. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात इंजेक्शनची गाडी देऊ नये हे खरं. पण स्कॅनर आहे म्हणून निदान बरोबरच असेल, असं नाही.

'बाहेर हात लावला की वॉरंटी गेली' हे अनेकांना शोरूममध्येच ऐकवलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, असा ठपका होता. ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. व्यवहारात मी एवढंच सांगेन: मूळ किंवा वाढीव वॉरंटी चालू असेल तोवर तिच्या लेखी अटी स्वतः वाचा, त्यात सांगितलेल्या सर्व्हिस शोरूममध्येच करून घ्या आणि प्रत्येक बिल जपा. पंक्चर, टायर, बॅटरी, बल्ब बाहेरून केल्याने इंजिनाच्या वॉरंटीला धक्का लागण्याचं काही कारण नाही. आणि शोरूमच्या बिलातही मॅन्युअलमध्ये नसलेली कामं घुसतात. 'इंजिन फ्लश', 'डीकार्बनायझिंग', 'एसी ट्रीटमेंट' अशा ओळी दिसल्या की मॅन्युअलमधला सर्व्हिसचा तक्ता उघडून ते काम त्या किलोमीटरला खरंच सांगितलंय का, ते विचारावं.

पार्टच्या बाबतीत लोक 'ओरिजिनल' आणि 'डुप्लिकेट' अशी दोनच खाती मांडतात. मधलं तिसरं खातं विसरलं जातं. वाहन कंपन्या ब्रेक पॅड, फिल्टर, बेअरिंग, प्लग असे कितीतरी भाग स्वतः बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात. त्यातले बरेच पुरवठादार स्वतःच्या नावानेही माल बाजारात विकतात. पुण्याच्या नाना पेठेत अशा पार्टची दुकानं ओळीने आहेत. तिथे त्या पुरवठादाराचं खोकं बऱ्याचदा स्वस्त पडतं आणि तो माल बनावट नसतो. बनावट म्हणजे दुसऱ्याचं नाव छापून विकलेला. ब्रेकच्या कामात तो जिवावर बेततो, म्हणून सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्यावरचा पार्ट नंबर व एमआरपी बिलाशी ताडून पाहा.

जुना पार्ट परत मागायची सवय चांगलीच. पण गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या पार्टचा ढीग असतो, त्यातला कुठलाही काढून दाखवता येतो. मोठ्या कामाआधी आपल्या पार्टवर मार्करने खूण करून ठेवली, की शंकेला जागा राहत नाही.

ऑइल काळं दिसलं म्हणजे खराब झालं, हेही खरं नाही. त्यातली रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणूनच ते काळं होतं. मॅन्युअलमधलं किलोमीटर आणि महिन्यांचं अंतर पाळावं. बाइकमध्ये मात्र कारचं ऑइल कुणालाही टाकू देऊ नका. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलने तो घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण पाहून घ्या.

'ओळखीचा आहे, बिल कशाला?' इथे भीड बाजूला ठेवलीच पाहिजे. सेवेचं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. काम सुरू होण्याआधी अंदाजे खर्च व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, 'विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नका' हेही त्यातच लिहा, आणि शेवटी पार्ट व लेबर वेगवेगळं दाखवणारं बिल घ्या. ओळखीच्या माणसाशी संबंध बिघडतात ते बहुतेक वेळा तोंडी व्यवहारामुळेच.

इतकं करूनही फसवणूक झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. तक्रारीसोबत बिल, व्हॉट्सॲपवरचा तो अंदाज आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत जोडावं.