अर्जुनाचा प्रश्न आणि कुलाब्याचा किनारा

गीतेचा पहिला अध्याय आपल्या घरांतून पाठ म्हटला जातो. परंतु त्याचें मनन क्वचितच होतें. उपदेशास आरंभ दुसऱ्या अध्यायांत व्हावयाचा, तेव्हां पहिला म्हणजे नुसती प्रस्तावना, अशी आपली समजूत. आम्हांस ती बरोबर वाटत नाहीं. समोर उभे आहेत ते आपलेच आप्त, गुरु व स्नेही; मग शस्त्र उचलणें हा धर्म कीं अधर्म? परकीय सत्तेच्या काळांत हा प्रश्न पोथींतून उठून आपल्या अंगणांत आला. कारण परकीयांचें राज्य चालतें तें बहुतांशीं आपल्याच माणसांच्या हातांनीं.

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. सांप्रतचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाई. त्यांत उरणजवळच्या चिरनेर गांवीं २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल-सत्याग्रह झाला. सरकारी कायदा मोडून रानांतील झाडें तोडण्यास आसपासचे गांवकरी जमले. पोलिसांनीं गोळीबार केला. गांवकरी बळी पडले, आणि सरकारच्या वतीनें हजर असलेले मामलेदार जोशी यांचाहि त्याच प्रसंगीं अंत झाला. उभय पक्षीं आपलेच लोक! कुरुक्षेत्र याहून निराळें तें काय असणार?

या प्रश्नाचीं दोन मोठीं उत्तरें महाराष्ट्रांत दिलीं गेलीं, आणि दोहोंचाहि धागा याच जिल्ह्याशीं जुळतो. लोकमान्य टिळकांनीं १८९५ सालीं रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हातीं घेतली. पुढें १८९७ च्या पुण्यांतील शिवोत्सवांत अफझलखानाच्या वधाची चर्चा निघाली, तेव्हां त्यांनीं गीतेचाच आधार घेतला : फलाशा सोडून केलेल्या कर्माचा दोष कर्त्यास लागत नाहीं. थोड्याच दिवसांत रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, आणि टिळकांस राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढें मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें व संन्यास नव्हे, तर लोकसंग्रहार्थ कर्म हेंच गीतेचें तात्पर्य ठरविलें.

ज्या १८९५ सालीं ती चळवळ सुरू झाली, त्याच सालीं पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं विनोबा भावे जन्मले. मातोश्रींस संस्कृत गीता कळेना, आणि मराठी भाषांतरेंहि कठीण वाटत. तूंच एक सोपी गीता कर, असें त्यांनीं मुलास सांगितलें होतें. त्या १९१८ त निवर्तल्या. चिरनेरनंतर बाराच दिवसांनीं, ७ ऑक्टोबर १९३० रोजीं, विनोबांनीं ‘गीताई’ लिहावयास घेतली. १९३२ त धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं. साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं.

त्यांतील पहिल्याच प्रवचनांत एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. शेंकडों अपराध्यांस त्यानें फांशीची शिक्षा दिली होती; पण स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर येतांच, फांशी ही अमानुष आहे, असें तत्त्वज्ञान तो सांगूं लागला. विनोबा म्हणतात, अर्जुनाची अहिंसा याच जातीची. ती तत्त्वांतून नव्हे, स्वजनासक्तींतून उपजली होती.

टिळकांनीं शस्त्राचा सर्वथा निषेध केला नाहीं, विनोबांनीं अहिंसा हें व्रत मानलें. दोघेहि एकाच सरकारचे बंदिवान. तथापि आम्हांस दोहोंचें मर्म एकच दिसतें : प्रश्न शस्त्राचा नसून मनांतील ‘माझें’पणाचा आहे. मात्र ‘मला फलाशा नाहीं’ असें म्हणणें सोपें आहे. त्याची साक्ष कोण देणार? म्हणूनच त्या न्यायाधीशाची गोष्ट प्रत्येकानें स्वतःस सांगून पाहावी.

परकीय राज्य १९४७ त गेलें, प्रश्न मात्र घरांतच राहिला. दुसऱ्याच्या मुलाचा अपराध आपणांस स्पष्ट दिसतो; आपला पुतण्या चुकला म्हणजे आपणांस एकाएकीं क्षमाधर्म आठवतो. ज्या घरांत दहा माणसें एका पंक्तीस बसतात, तेथें तर हा मोह रोजचाच. येत्या गीताजयंतीस घरांतील वडील माणसांनीं पहिला अध्याय मुलांकडून नुसता म्हणवून न घेतां त्याचा अर्थ सांगावा. आणि सांगतांना एखादें उदाहरण आपल्याच घरचें द्यावें, एवढीच आमची विनंति आहे.