माकडतापाची लस: टोचण्याआधीचे प्रश्न

मे महिन्यात रात्री कळंबोलीला महामार्गाच्या कडेला तळकोकणच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्यांत दोडामार्ग, बांद्याकडची कुटुंबेही असतात. सुट्टी काजूच्या बागांत जायची, आणि गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचा हंगामही साधारण तेव्हाच संपत आलेला असतो. २०१६मध्ये या आजाराने सिंधुदुर्गाला चांगलेच हैराण केले होते.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा विषाणू सापडला. त्यावर लसही निघाली: फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढेही दरवर्षी टोचणे. दंड इतका दुखायचा की अनेकजण पुढच्या डोसाला फिरकत नसत. कर्नाटकातल्या २०१३च्या अभ्यासात दोन डोसांनी ६२ टक्के, बूस्टरनंतर ८३ टक्के संरक्षण दिसले. पुढे परिणाम घटल्याचे दिसले आणि २०२२मध्ये ही लस थांबली.

अमेरिकेतली कथा उलटी. तिथे लाइम या गोचिडीच्याच आजारावर (तो जिवाणूमुळे होतो) लायमरिक्स ही लस डिसेंबर १९९८मध्ये मंजूर झाली. तिची करामत विलक्षण: लस घेतलेल्याचे रक्त शोषले की जंतू गोचिडीच्या पोटातच मरायचा. चाचणीत तीन डोसांनंतर ७६ टक्के संरक्षण मिळाले. पण लशीतल्या प्रथिनाचा एक तुकडा माणसाच्या एका प्रथिनाशी मिळताजुळता निघाला. त्यातून संधिवात होईल अशी शंका आली. नोंदी तपासल्यावर लस घेतलेल्यांत संधिवाताचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तरी बातम्या आणि खटले थांबले नाहीत, मागणी आटली आणि फेब्रुवारी २००२मध्ये कंपनीने लस मागे घेतली. फायझर आणि वाल्नेवा यांच्या नव्या लशीत तो तुकडाच बदलला आहे. शंका निराधार ठरूनही तिची दखल घेतली, हे मला शहाणपणाचे वाटते.

माकडतापाच्या नव्या लशीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स काम करत आहेत. ती गावात येईल तेव्हा ‘सुरक्षित आहे’ एवढ्यावर भागणार नाही. कोणाला काय झाले, तपासात काय निघाले, हे आरोग्य केंद्राने मराठीत जाहीर करावे. दुखणार असेल तर तसेही आधी सांगावे.

तोवर बागेत अंगभर कपडे घाला, घरी येताच अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करा. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.