धर्मादाय रुग्णालय आणि उपचारांचा खर्च

धर्मादाय रुग्णालय असूनही येथे बिल का आकारले जाते, असे रुग्णांचे नातेवाईक आम्हांस विचारतात. बिल आकारले जात असताना देणगीची गरज काय, असे देणगीदार विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकाच हिशेबात आहे.

घराची डागडुजी पुढील वर्षावर ढकलता येते. फुटलेले अपेंडिक्स उद्यापर्यंत थांबत नाही. आजारी माणसास भाव पाहून चार दुकाने फिरण्याची सवड नसते. म्हणूनच उपचार ही इतर वस्तूंसारखी विक्रीची वस्तू नव्हे, असे आम्ही मानतो. पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांस मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भाग २०१३-१४ मध्ये कुटुंबे स्वतःच्या खिशातून भरत होती. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे. तरीही शेत गहाण टाकून वा दागिने मोडून बिल भरणारी कुटुंबे आजही आमच्या दारी येतात.

मग खर्च होतो कशावर? रक्ताचेच उदाहरण घेऊ. रक्तदाता रक्ताचा एक पैसाही घेत नाही. मात्र त्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग व हिवताप यांसाठी तपासणी करावी लागते. घटक वेगळे करून ते ठरावीक तापमानात जपावे लागतात. दान विनामूल्य असते, ते सुरक्षितपणे रुग्णापर्यंत पोहोचविणे विनामूल्य नसते. परिचारिकांचेही तसेच. आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका ४८ तास काम करते असे धरले, तर अतिदक्षता विभागातील एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन, आणि रजा-सुट्ट्या धरल्यास किमान चार परिचारिका लागतात. त्या रात्री रुग्ण श्रीमंत आहे की निर्धन, यावर हा खर्च अवलंबून नसतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. म्हणजेच एका निर्धन रुग्णाचे ५०,००० रुपयांचे बिल या निधीतून भागविण्यासाठी इतरांची २५ लाख रुपयांची बिले व्हावी लागतात. गरज निधीपुरती थांबत नाही. ही तूट भरून काढण्यास देणगी लागते.

इतर रुग्णांचे दर वाढवून ही तूट भरावी, असे सुचविले जाते. ऐपत असलेल्यांच्या शुल्कातून गरिबांवर मोफत उपचार करण्याचा मार्ग निश्चितच आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत ११ खाटांनिशी सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय त्याच मार्गाने वाढले. परंतु तेथे एकाच प्रकारच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात, त्यामुळे प्रत्येकीचा खर्च उतरतो. सर्वसाधारण रुग्णालयात अपघात, बाळंतपण, पक्षाघात असे सारेच येते. शिवाय उत्पन्नमर्यादेच्या जेमतेम वर असलेला छोटा दुकानदार वा रिक्षाचालक योजनेत बसत नाही आणि पूर्ण बिलही त्यास झेपत नाही. दर वाढविले की पहिला भार त्याच्यावरच पडतो. देणगीचा आधार आम्हांस सर्वाधिक याच रुग्णांसाठी हवा असतो.

नातेवाइकांना आमची विनंती आहे, की बिल हाती येईपर्यंत थांबू नये. रुग्ण दाखल होताच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका घेऊन समाजसेवा विभागास भेटावे. तातडीच्या प्रसंगी उपचार आधी, कागदपत्रे नंतर. विश्वस्त व देणगीदारांनी ताळेबंद वाचताना एवढे ध्यानी घ्यावे, की निर्धन रुग्णांवरील खर्चाचा आकडा ही संस्थेची हानी नसून संस्था ज्यासाठी स्थापन झाली त्या कार्याचे ते मोजमाप आहे. हा आकडा वाढता राहावा आणि तो पेलण्याचे बळही वाढावे, यासाठी आपली साथ मोलाची आहे.